माझ्या नावापुढची टिक

माझे उपचार संपून आता अकरा महिने होत आले. दर तीन महिन्यांनी सोलापूरला जाते, तपासून घेते, "ठीक आहे" ऐकते आणि परत कामाला लागते. बरी झालीस का, असं लोक विचारतात. बरी आहे. पण थकवा गेलेला नाही. सकाळी चहाचं पातेलं गॅसवर ठेवायचं म्हटलं तरी आधी ओट्याला हात टेकून दोन मिनिटं उभी राहते, असा हा थकवा आहे. तो जाईल म्हणतात. जाईल तेव्हा जाईल.

मी महादेवी. मैंदर्गीच्या पुढे आमचं गाव आहे आणि तिथे मी आशाचं काम करते. गरोदर बायकांना दवाखान्यात न्यायचं, बाळांना डोसासाठी बोलवायचं, म्हाताऱ्यांना बीपीच्या गोळ्या बंद केल्याबद्दल रागवायचं, तीस वर्षांवरच्या बायकांना कर्करोगाच्या तपासणीसाठी गोळा करायचं. जन्मलेल्या पोरापासून काठी टेकणाऱ्या आजीपर्यंत गावातल्या प्रत्येकाची तब्येत माझ्या वहीत असते. माझी स्वतःची सोडून.

हे लिहायला मला पद्मा सिस्टरनी सांगितलं. हॉस्पिटलमध्ये माझ्या उपचारांच्या काळात त्याच असायच्या. "आमची पोस्टरं कुणी वाचत नाही हो," त्या म्हणाल्या, "तुम्ही लिहा, बाया वाचतील." म्हणून लिहिते आहे. यात औषधांची नावं नाहीत, ती मला पाठही नाहीत. यात माझी एक चूक आहे, आणि ती कागदावर आणायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

यादी

आजार सापडायच्या दोन वर्षं आधी आमच्या उपकेंद्रात पिशवीच्या तोंडाच्या तपासणीचं शिबिर झालं. गर्भाशयाला आमच्याकडे पिशवीच म्हणतात. तपासणी अगदी साधी. टेबलावर झोपायचं, आत औषधाचं पाणी लावतात, जरा थांबतात, पांढरा डाग उमटला तर पुढचं बघायचं, नाही तर घरी जायचं. हे मी घरोघर जाऊन तोंडाला फेस येईपर्यंत सांगितलं होतं. "काय दुखत न्हाय वैनी, चला की. मी हाय संगं."

आणि मी खरंच सोबत होते. तपासणी आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर करत होत्या आणि पडद्याबाहेर डॉक्टर बसले होते. मी प्रत्येकीच्या डोक्याशी उभी राहून हात धरत होते. एकीने इतक्या जोरात हात दाबला की माझी बांगडी फुटली. तिला मी हसले. घाबरट म्हटलं.

चार वाजेपर्यंत यादीत दोनच नावं राहिली. एक निंगव्वाचं आणि एक माझं.

निंगव्वा माझी धाकटी जाऊ. आळंदकडची, कानडी मुलखातली. दिवाळी झाली की ती आणि माझे दीर मेंढरं घेऊन बाहेर पडतात, उसाच्या पट्ट्यात रानोरान फिरतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे शिबिर असलं की निंगव्वा नसते. जी बाई सहा महिने रानात असते ती कुठल्याच यादीत धड बसत नाही. "गैरहजर" लिहिलं की तिच्यासाठी पुन्हा फॉर्म, पुन्हा फेरी, पुन्हा बोलणी.

आणि माझं? मी परक्या बाईपुढे झोपले असते. पण ज्या सिस्टरबरोबर रोज एका डब्यात जेवते, तिच्यापुढे साडी वर करून पडायचं, आणि बाहेर ते डॉक्टर, जे रोज मला "महादेवीताई, हा फॉर्म अपूर्ण आहे" म्हणतात. मला ते झेपेना. सगळ्या गावाची लाज मी दिवसभर घालवत होते आणि माझी मात्र जागची हलत नव्हती.

सिस्टर हात धुता धुता म्हणाल्या, "झाली का हो यादी?"

"झाली," मी म्हटलं आणि दोन टिका मारल्या.

निंगव्वा परत आली की तिला घेऊन जाऊ, आपणही तेव्हाच करून घेऊ, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण टिक असलेल्या बाईला कुणी पुन्हा बोलवत नाही. बोलावणारी मीच होते. पाऊस आला, निंगव्वा आली, पेरण्या झाल्या, बाळांचे डोस, म्हाताऱ्यांचे डोळे, आणि दिवाळीनंतर ती पुन्हा गेली. पुढच्या वर्षीच्या यादीत आम्ही दोघी "तपासलेल्या"त होतो.

तो दिवस

पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती आणि अचानक पुन्हा अंगावर जायला लागलं. मी उष्णता म्हटलं. सब्जा भिजवून प्यायले. गावातली एखादी बाई हेच म्हणाली असती तर मी तिला तिच्या दारात उभी राहून झापलं असतं. तीन महिने मी ते घरात कुणाला कळू दिलं नाही. मग एकदा बसमधून उतरले आणि मागून कुणीतरी पदर धरून म्हणालं, "ताई, मागं बघा."

सोलापूरला तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल घ्यायला गेलो त्या दिवशी डॉक्टरबाईंनी, माझ्यापेक्षा वयाने कितीतरी लहान, आधी विचारलं, "सोबत कोण आहे?" बाहेर हे उभे होते. हे म्हणजे माझे यजमान, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात कामाला आहेत. डॉक्टरबाईंनी त्यांना आत बोलावलं, दोघांना बसवलं आणि सरळ सांगितलं. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग आहे. लांब पसरलेला नाही, पण नुसतं ऑपरेशन करून भागणार नाही. किरणं द्यावी लागतील, बरोबर सलाईनमधून औषध.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? उद्या बुधवार, लसीकरणाचा दिवस, आणि मी आयांना निरोपच दिलेले नाहीत. हे खरं आहे. मी बराच वेळ त्या निरोपांचाच विचार करत बसले होते.

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुम्ही आशा आहात ना? तुमची तपासणी झाली नव्हती का कधी?"

त्या क्षणी खरं बोलता आलं असतं. हे शेजारी बसले होते. त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर होता.

"झाली होती," मी म्हटलं. "दोन वर्षांपूर्वी. चांगली होती."

डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी ते लिहून घेतलं. बाहेर व्हरांड्यात आल्यावर हे खांबाला टेकले आणि म्हणाले, "तपासलं म्हंतीस, मग त्यास्नी दिसलं कसं न्हाय?" मी म्हटलं, मला काय माहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि राग होता. तो राग कुठे जाणार हे मला तिथेच कळायला हवं होतं.

पाणी पिऊन बसणं

चिंचोळीजवळ ह्यांची एक खोली आहे. उपचार संपेपर्यंत तिथेच राहायचं ठरलं. माझं करायला कोण येणार, हा प्रश्न निघायच्या आतच निंगव्वा तिची पिशवी घेऊन आली होती. तिची तेरा वर्षांची पोरगी सासूबाईंकडे, मेंढरं दिरांकडे. "त्यास्नी दोन म्हैने माज्याबिगर राहाता येतंय की न्हाय बगूया," ती म्हणाली.

सोमवार ते शुक्रवार, पंचवीस वेळा. अर्धा लिटर पाणी पिऊन, लघवी धरून, बाकावर नंबरची वाट बघायची. मूत्राशय भरलेलं असलं की किरणं नको तिथे कमी लागतात म्हणे. असेल. पण मशीनला उशीर झाला की आम्ही पाच-सहा जणी मांड्या आवळून, एकमेकींकडे न बघता बसलेल्या. त्यात कुणी विनोद केला तर त्या बाईचा जीव घ्यावासा वाटायचा, कारण हसायची सोय नव्हती.

आजारपणात माणसं मोठमोठे विचार करतात असं मी ऐकलं होतं. मी पाण्याच्या बाटलीचा, बसमधल्या जागेचा आणि संडास रिकामा असेल का याचा विचार करत होते. सलाईनच्या दिवशी घशाशी यायचं. दुसऱ्या आठवड्यापासून पोट बिघडलं. भीती वाटायची, पण भीती वाटायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते. बहुतेक वेळा नुसती थकलेली असायचे.

मशीनवर सानिया नावाची मुलगी होती. तिने माझ्या पोटावर निळ्या शाईने रेषा काढल्या होत्या. या रेषांवरच मशीनचा नेम. "मौसी, इसको साबण नक्को, पानी नक्को, घिसना नक्को," असं तिने तीनदा बजावलं होतं. ते मी निंगव्वाला सांगितलं नाही. रोज मी स्वतःच जपून आंघोळ करत होते, सांगायची गरज वाटली नाही.

भंडारा

सासूबाईंनी गावाहून बिरोबाचा भंडारा पाठवला. हळदीची पूड, कागदाच्या पुडीत. त्या दिवशी पहाटेपासून मला उलट्या होत होत्या आणि मी डोळे मिटून पडले होते. पोटावरून काहीतरी थंड फिरल्यासारखं वाटलं. बरं वाटलं म्हणून मी डोळे उघडले नाहीत. निंगव्वाने ओल्या फडक्याने माझं पोट स्वच्छ पुसलं होतं आणि त्यावर चांगला मूठभर भंडारा चोळला होता. दुखणं जिथं, देवाचं बोट तिथं, असं तिचं साधं गणित.

मशीनच्या टेबलावर सानियाने माझी साडी खाली सारली आणि ती तशीच थांबली.

"मौसी, ये क्या लगाको आये?"

माझं पोट पिवळंधमक आणि रेषा गायब. आता हे पुन्हा मापं घेणार, आजचा दिवस वाया जाणार, वर सगळ्यांसमोर बोलणी. मी इतकी चिडले की निंगव्वाला दारातूनच म्हटलं, "तुला कुनी सांगितलं हुतं गं शानपना कराया?" भंडाऱ्याची पुडी तिने पदरात धरली.

तेव्हा पद्मा सिस्टर आल्या. त्या सोलापुरातल्याच, घरात तेलुगू बोलणाऱ्या, पण निंगव्वाशी त्या एकदम कानडीत बोलल्या. भंडारा कुणाचा, देऊळ कुठे, कोणी पाठवला, सगळं विचारलं. मग पुडीतून चिमूटभर घेऊन स्वतःच्या कपाळाला लावला. आणि तिला समजावलं की कपाळ देवाचं, हवा तेवढा लाव. पोटावरच्या रेषा आमच्या. त्या पुसल्या तर आमचा नेम चुकेल आणि हिचं नुकसान होईल. निंगव्वाने मान डोलावली. मला त्या मराठीत म्हणाल्या, "तुम्ही घरी सांगितलंच नव्हतं ना? मग तिची काय चूक?"

दुपार झाली, पण त्याच दिवशी मापं घेऊन माझा नंबर लावला. दुसऱ्या दिवसापासून सानिया मला टेबलावर घेतानाच कपाळाकडे बघायची. "लगाये ना मौसी? चलो."

मी इतकी वर्षं बायांना "ते भंडारा-बिंडारा सोडा आणि दवाखान्यात चला" असं म्हणत आले होते. त्या का येत नव्हत्या हे मला माझ्याच पिवळ्या पोटामुळे कळलं. त्यांना दोन्ही हवं होतं आणि मी त्यांना एक सोडायला लावत होते.

निंगव्वाचं मत

तिसऱ्या आठवड्यात एकदा ती लसूण सोलत बसली होती. मी भिंतीला टेकून बसले होते. ती सहज म्हणाली,

"अक्का, येक सांगू? रागवू नगं. ती तपासनी काय कामाची न्हाय."

"कुटली?"

"तुमी बायकास्नी ओडत नेता ती. तुला तपासलं, चांगली हाईस म्हनले, आन हे निगालं. मी तवा मेंढरांमागं हुते तेच बरं झालं. माजं बी वरीस झालं पांडरं जातंय, कंबर धरती. पर जाऊन काय उपेग? हुयाचं ते हुतंय."

तिने सोललेला लसूण वाटीत टाकला आणि दुसरी पाकळी घेतली.

तिच्या अंगावर जातंय, वर्षभर. आणि ती तपासून घेणार नाही, कारण मला तपासूनही झालं. पण मला तर तपासलंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. गावात बाया म्हणतात, महादेवीला तपासून पण झालं, मग आपण कशाला त्या टेबलावर चढायचं? ह्यांनी तर आणखी पुढची मजल मारली होती. उपकेंद्राच्या सिस्टरना फोन करून नाही नाही ते बोलून झालं होतं. "तुमी काय डोळे मिटून तपासता का?" असं. सिस्टर काय म्हणाल्या, मी विचारलं. "काय म्हननार? गप ऱ्हायली," हे म्हणाले.

त्या का गप्प राहिल्या हे मला माहीत होतं. त्यांना आठवत होतं की त्यांनी मला तपासलं नव्हतं. त्यांनी ते ह्यांना सांगितलं नाही.

तीन दिवस मी सांगते-सांगते म्हणत राहिले. बसमध्ये सांगू, मग बाकावर सांगू, मग जेवण झाल्यावर. मला वाटायचं, खरं सांगितलं तर निंगव्वा तशीच पिशवी उचलून निघून जाईल, आणि मग माझं कोण करणार? हे लिहायला लाज वाटते पण मला आधी तेच वाटलं. तिच्या कंबरेचं नंतर.

भाकरी

चौथ्या दिवशी मशीन बंद पडलं. आम्ही पाणी पिऊन दोन तास बसलो आणि तसेच परत आलो. दुपारची वेळ. निंगव्वा भाकरी थापत होती.

"निंगव्वा, मला तपासलंच नव्हतं."

"कवा?"

"त्या शिबिरात. मी टेबलावर चढलेच न्हाय. लाज वाटली. नुसती टिक मारली."

तिचा हात थांबला.

"आन तुजी बी मारली," मी म्हटलं.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास यायला लागला. तिने ती उलटली, बघितली, बाजूला काढून ठेवली.

"मी तवा कुटं हुते?"

"मेंढरांमागं."

"म्हंजी मी हितं नसताना चांगली निगाले."

रडू येत होतं पण रडायला मी बसले असते तर तिने मला समजावायला घेतलं असतं, आणि ते मला नको होतं. मी तशीच बसले. तिने पुढची भाकरी थापली, भाजली, पुढची थापली. सगळ्या झाल्यावर माझं ताट वाढून माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली,

"तुला लाज वाटली. मला इचारलं असतंस तर मला बी वाटली असती. पर इचारायचं हुतंस की."

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाण्याची बाटली भरायची, बसमध्ये जागा धरायची, उलटी झाली की पाठीवर हात ठेवायची, पण बोलायची नाही. रागावलेल्या माणसाच्या हातून सेवा करून घेणं काय असतं ते मी त्या दोन दिवसांत बघितलं. किरणांनी कातडी जळते तेही सहन होतं, हे होत नव्हतं.

ह्यांना मी त्याच संध्याकाळी सांगितलं. "मी त्या बाईला काय काय बोललो," एवढंच हे म्हणाले आणि उपकेंद्राच्या सिस्टरना फोन लावून माझ्या हातात दिला. सिस्टरनी उचलला. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "महादेवीताई, त्या यादीवर खाली सही माझी आहे. मीही नावं वाचली नव्हती." मग म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाईंचं बघा आधी."

टेबल

तिसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये निंगव्वा खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "तुज्या त्या पद्मा सिस्टरला इचार. माजं करत्यात का."

पद्मा सिस्टरनी तिला आत नेण्याआधी बाहेर बाकावरच सगळं सांगितलं, कानडीत. आत फक्त बायका असतील. साडी सोडायची नाही, वर घ्यायची. नको वाटलं तर "साकु", म्हणजे पुरे, म्हणायचं, की लगेच थांबतील. "अंजबेड, निंगव्वा," घाबरू नकोस, असं त्या दोनदा म्हणाल्या. मग विचारलं, डोक्याशी कोण हवं?

निंगव्वाने माझ्याकडे बोट केलं. "ही हुबी ऱ्हाऊ द्या. हिला बी बगू दे."

मी उभी राहिले. पोटात अर्धा लिटर पाणी, माझा नंबर थोड्या वेळात येणार होता. तिने माझा हात धरला, पण दाबला नाही. माझीच बोटं गार पडली होती. डॉक्टरबाईंनी औषधाचं पाणी लावलं आणि थांबल्या. मी गावात बायांना "जरा थांबतात" असं किती सहज सांगत होते. ते थांबणं केवढं मोठं असतं.

"डाग आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

निंगव्वाने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

डॉक्टरबाई तिच्याशीच बोलल्या, माझ्याशी नाही. पद्मा सिस्टर कानडीत सांगत गेल्या. हा कर्करोग दिसत नाही. पण असाच ठेवला तर काही वर्षांनी होऊ शकतो. आता इथेच शेक दिला की तो भाग निघून जाईल, मग वेळोवेळी येऊन दाखवायचं. जरा कळ येईल, पाळीत येते तशी. देऊ का, की घरी विचारून यायचंय?

"कुनाला इचारू? मेंढरास्नी?" निंगव्वा म्हणाली. "द्या."

दहा मिनिटं लागली असतील. ती एकदा "यव्वा" म्हणाली, तेवढंच. मग उठून बसली, पदर नीट केला. डॉक्टरबाईंनी मुलगी आहे का, किती वर्षांची, विचारलं, आणि तिला या आजाराची लस देऊन घ्या म्हणाल्या, लहानपणी दिली की चांगली.

"ते हिला सांगा," निंगव्वाने माझ्याकडे मान केली. "हीच देती समद्यास्नी. पर सुई टोचल्याली मी डोळ्यांनी बगनार, मगच हिनं टिक मारायची."

पद्मा सिस्टर हसल्या. मीही हसले, आणि हसल्यामुळे पोटातलं पाणी सांभाळणं कठीण झालं.

आम्ही बाहेर येऊन आमच्या रोजच्या बाकावर बसलो. निंगव्वा जरा वाकून, पोटावर हात धरून बसली होती. समोर माझ्यासारख्याच चार जणी नंबरची वाट बघत होत्या. एकीच्या डोक्यावरचे केस गेले होते, तिने स्कार्फ बांधला होता. निंगव्वा त्यांच्याकडे बघत राहिली.

"अक्का, येवडंच व्हय?"

"व्हय. येवडंच."

"तुजं बी येवड्यातच झालं असतं?"

मी पाण्याची रिकामी बाटली पिशवीत टाकली.

आतून सानियाने माझं नाव पुकारलं. त्या दिवशी माझी एकोणिसावी वेळ होती. सहा राहिल्या होत्या, आणि त्यानंतर आतून द्यायची किरणं. निंगव्वाने रोजच्यासारखं माझं मंगळसूत्र आणि पर्स मागून घेतली. माझ्या कपाळावरचा भंडारा घामाने ओघळला होता तो बोटाने सारखा केला. "जा," ती म्हणाली. "मी हाय हितं."

आत जाऊन टेबलावर झोपले. सानियाने रेषा बघितल्या, "हिलो नक्को मौसी" म्हणाली आणि बाहेर जाऊन जाड दार लावून घेतलं. मशीन माझ्याभोवती फिरायला लागलं. एवढ्यातच झालं असतं. दहा मिनिटांत, आमच्याच उपकेंद्रात, माझ्या ओळखीच्या हातांनी. मशीन थांबेपर्यंत मी हलले नाही.